त्या मंगळवारी काटा कुठे होता

१

सोमवारी सकाळी कुलूपकाकांनी ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं, आतली रजिस्टरं मोजली आणि पुन्हा एकदा मोजली. सहा केंद्रांची सहा हवीत. होती पाच. तिसऱ्या केंद्राचं गायब.

आता ऑफिसातून एखादं रजिस्टर हरवलं म्हणून काही आभाळ कोसळत नाही. पण ही संस्था होती अशक्त मुलांना पौष्टिक पेस्टची पाकिटं पुरवणारी. पाकिटं यायची देणगीदारांच्या अनुदानातून, आणि देणगीदारांच्या बाई गुरुवारी अकरा वाजता येणार होत्या, त्याही नेमकं तिसरंच केंद्र बघायला. एकेचाळीस मुलं, सहा महिने, दर मंगळवारी वजन. चारातली तीन मुलं बरी झालेली दिसली तर पुढच्या वर्षाचं अनुदान, नाहीतर गुंडाळा गाशा, असा सरळ हिशोब होता.

कुलूपकाका म्हणजे भांडार सांभाळणारा माणूस. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, आणि स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही. त्यांनी अशी बोंब मारली की खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीन थांबवून वर आला. मग काकांनी त्याच सकाळी कपाटाचं कुलूप बदललं, नवी किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात घातली आणि दिवसभर छातीवर हात ठेवून फिरले.

मंगळवारी रजिस्टर सापडलं. संस्थेचे संचालक, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, आणि अनुदानाचं काम बघणारा निधी अधिकारी, असे दोघं तिसऱ्या केंद्रावर गेले. तिथल्या पत्र्याच्या पेटीत, सतरंज्यांच्या खाली ते निवांत पडलेलं. सरांनी तिथल्या तिथे निकाल लावला: केंद्र चालवणाऱ्या बाईंनी रजिस्टर ऑफिसात जमा केलंच नव्हतं, जमा केल्याचं खोटं सांगितलं. त्यात महिनाभर कुजबुज चालू होतीच की संस्थेची पाकिटं बाजारात विकली जातात. बाईंना काढून टाकायचं पत्र संध्याकाळपर्यंत टाईपही झालं.

फक्त एक अडचण होती. नोकरीवरून काढायला विश्वस्तांच्या दोन सह्या लागतात. एक सरांची झाली. दुसरीसाठी बुधवारी सकाळी दुसऱ्या विश्वस्त, काटेबाई, यांना बोलावणं गेलं.

काटेबाईंनी पत्र वाचलं, पेन उघडलं आणि टोपण परत लावलं.

"आधी रजिस्टर दाखवा," त्या म्हणाल्या.

२

काटेबाई वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेल्या. एकतीस वर्षं दुकानांतले तराजू तपासण्यात गेली. पर्समध्ये पितळेचं एक किलोचं वजन अजूनही असायचं. भाजीवाले त्यांना लांबून बघून काटा सरळ करायचे. स्वभावही तसाच, घरात चमचाभर साखर कमी झाली तरी त्यांना कळायचं. त्यांच्या नवऱ्याने लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी खोटं बोलणं सोडून दिलं होतं.

रजिस्टर म्हणजे दोरीने बांधलेली सुटी पानं. पहिल्या पानावर एकेचाळीस मुलांची नावं, झोळीताईंच्या गोल अक्षरात. झोळीताई म्हणजे त्या केंद्रावरच्या बाई. काट्याच्या झोळीत पोरांना झुलवत वजन करतात म्हणून आयांनी ठेवलेलं नाव. आतल्या पानांवर नुसते आकडे, आणि आकड्यांना हस्ताक्षर ते काय असणार.

"बत्तीस मुलं बरी झाली," सर खुशीत म्हणाले. त्यांचा उजवा हात महिनाभर प्लास्टरमध्ये होता. पत्रावरची सहीसुद्धा त्यांनी डाव्या हाताने केली होती, आणि ती सरड्याने केल्यासारखी दिसत होती. "एवढं चांगलं रजिस्टर त्या बाईने दडवून ठेवलं, काय म्हणायचं याला?"

"तेच मी विचारतेय. रजिस्टर वाईट असतं तर लपवलं, हे समजण्यासारखं आहे. चांगलं कोण लपवतं?"

"मावशी, तू पण ना," शेजारच्या टेबलावरून आवाज आला. हा निधी अधिकारी. काटेबाईंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. लहानपणी वर्षभर एकच निळा स्वेटर घालून फिरायचा म्हणून घरात सगळे त्याला खंड्या म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी काटेबाईंनीच शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं होतं. "विसरून राहिलं असेल पेटीत. सापडलं ना, झालं तर मग."

"विसरली असेल, तर काढता कशाला तिला?"

खंड्या कॉम्प्युटरकडे वळला. सरांनी घसा खाकरला. काटेबाईंनी रजिस्टर पर्सशेजारी काखेत मारलं आणि जिन्याकडे निघाल्या. "उद्या अकराच्या आत सही देते. किंवा देत नाही."

तिसरं केंद्र म्हणजे एक खोली. भिंतीवर उंची मोजायची फळी, कोपऱ्यात ती पत्र्याची पेटी, आणि आढ्याच्या हुकाला टांगलेला घड्याळासारखा गोल काटा. काटेबाईंना तो काटा बघून बरं वाटलं, कारण तो त्यांच्या हातून गेलेला होता. मध्ये एकदा शून्यावर येईना म्हणून त्यांनी तो घरी नेऊन स्प्रिंग बदलली होती.

झोळीताई सतरंजीवर बसल्या होत्या. डोळे रडून सुजलेले, पण आवाज ठणठणीत.

"अकरा वर्षं झाली हो इथे. तीन मुलींच्या शाळा याच पगारावर चालल्यात. चोर म्हणून काढलं तर दुसरीकडे कोण उभं करेल मला? शुक्रवारी मी स्वतः जाऊन रजिस्टर काकांच्या हातात दिलंय."

काटेबाईंनी रजिस्टर पुढे ठेवलं. झोळीताईंनी पहिलं पान बघितलं आणि मान हलवली. दुसरं उलटलं आणि हात थांबला. तिसरं, चौथं. सगळ्या पानांच्या उजव्या कडेला ‘शेरा’ लिहिलेला एक रुंद रकाना होता. तो रिकामा होता, सहाच्या सहा महिने.

"माझे शेरे कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

३

"हे पहिलं पान माझं," झोळीताई म्हणाल्या. "बाकीची माझी नाहीत. मी शेरा लिहिल्याशिवाय पान उलटत नाही. सरांना विचारा. ‘बाई, कादंबरी लिहू नका’ म्हणून दोनदा ओरडलेत मला. पण माझं कोण ऐकतंय आता. स्वतःला वाचवायला बोलते म्हणतील."

तसं म्हणता आलंच असतं. काटेबाईंनी चष्मा पुसला आणि शेऱ्यांचा नाद सोडून आकडे वाचायला घेतले. तिसऱ्याच ओळीला त्या अडखळल्या. सात किलो पस्तीस, म्हणजे सात किलो साडेतीनशे ग्रॅम. खाली आठ किलो पंधरा. त्याखाली सहा किलो पंच्याऐंशी.

त्या उठल्या, काट्याखाली गेल्या आणि मान वर करून बघत राहिल्या. दोन रेघांमध्ये शंभर ग्रॅम. सात पूर्णांक तीन, मग थेट सात पूर्णांक चार. पस्तीसची रेघच त्या काट्यावर नव्हती.

"दोन रेघांच्या मध्ये काटा आला तर काय लिहिता?" त्यांनी विचारलं.

"मध्ये राहतोय कुठे तो? पोर झोळीत लाथा झाडतं, काटा नाचतो. जरा शांत झाला की जवळची रेघ पकडायची, दुसरं काय."

म्हणजे हे आकडे लिहिणाऱ्याने या काट्यावर कधी पोर टांगलं नव्हतं. पन्नास ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा कुठे आहे, हे काटेबाईंना चांगलं ठाऊक होतं. भांडारात. पाकिटांची खोकी तोलायला घेतलेला, लाल आकड्यांचा. आणि भांडाराच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. कपाटाचं कुलूपही त्यांच्याच हातचं, आणि बाजारात पाकिटं गेली असतील तर तीही त्यांच्याच दारातून जाणार.

काटेबाई तडक भांडारात गेल्या.

"या, या," कुलूपकाका म्हणाले. "सगळ्यांनी माझी झडती घेतली, तुम्हीच राहिला होतात."

"शुक्रवारी रजिस्टर आलं होतं?"

काकांनी आवकवही उघडून समोर आपटली. शुक्रवार, चार वाजून दहा मिनिटं, तिसरं केंद्र, रजिस्टर एक, पानं पंचवीस. "सर म्हणतात मी न बघता लिहितो. पानं मोजून घेणारा माणूस न बघता लिहील का? आणि पाकिटांचं म्हणाल तर मोजा. एक पाकीट कमी भरलं तर माझी मिशी काढा."

काकांना मिशी नव्हती, पण काटेबाईंनी पाकिटं मोजली. तास गेला. एकही कमी नव्हतं. बाजारातली कुजबुज म्हणजे नुसती हवा होती.

"काका, शुक्रवारनंतर कपाटाला कोण हात लावू शकत होतं?"

"माझी किल्ली माझ्याकडे. दुसरी सरांच्या ड्रॉवरमध्ये. पण त्या ड्रॉवरात संस्थेचा शिक्का असतो, आठवड्यातून दहादा उघडतात तो. आम्ही तिघंही उघडतो. मी, सर आणि तुमचा भाचा."

काटेबाई स्टुलावर बसल्या. काकांवरचा संशय त्यांच्या मनातून हळूहळू उतरत होता. बोंब मारली कुणी? काकांनी. पानं बदलणारे काका असते तर त्यांनी सोमवारी तोंड मिटून कपाट बंद केलं असतं आणि बदललेलं रजिस्टर गुपचूप जागेवर ठेवलं असतं. कपाट सोमवारीच उघडलं जाईल हे ज्याला माहीत नव्हतं, त्याचं हे काम. नव्या कुलपामुळे त्याची वाट बंद झाली, म्हणून रजिस्टर पेटीत गेलं.

समोर तारेला टोचलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा लोंबत होता. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची चिठ्ठी. सहज चाळता चाळता त्यांना स्वतःचीच सही दिसली. ‘तिसऱ्या केंद्राचा वजनकाटा, दुरुस्तीसाठी.’ सात तारखेला, गुरुवारी बाहेर. पंधरा तारखेला, शुक्रवारी परत. खाली झोळीताईंची, काकांची आणि सरांची सही.

गुरुवार ते शुक्रवार. मध्ये एक मंगळवार येतो, बारा तारीख.

त्यांनी रजिस्टर उघडलं आणि बारा तारखेचा रकाना काढला. एकेचाळीस मुलं आणि एकेचाळीस वजनं. एकही गैरहजर नाही.

त्या मंगळवारी तो काटा काटेबाईंच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या गजाला टांगलेला होता आणि त्याला त्यांच्या घरचं पीठ लटकत होतं.

४

पुढचं गणित लहान मुलालाही सुटलं असतं, पण काटेबाईंना ते सुटायला नको होतं.

बारा तारखेला काटा केंद्रावर नव्हता हे झोळीताईंना माहीत, काकांना माहीत, सरांना माहीत. शिवाय सरांचा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने धड सही येत नाही तिथे चोवीस पानं आकडे कोण लिहिणार? उरला कोण? ज्याने काटा कधी जवळून बघितला नाही. ज्याच्या कॉम्प्युटरवर हवं तेवढं वजन हवं त्या वेगाने वाढवता येतं, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न. आणि जो त्या आठवड्यात इथे नव्हताच.

काटेबाईंनी मनात भाच्याची बाजू घेऊन बघितली. दुसरं कुणी असू शकेल का, म्हणून तळमजल्यावरच्या शिंप्यापर्यंत जाऊन आल्या. हाच पोरगा तापात त्यांच्या मांडीवर झोपायचा.

पाच वाजता सगळे घरी गेले आणि त्या खंड्याच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. भिंतीवर चौकटीत एक प्रमाणपत्र होतं. देणगीदारांनी दुसऱ्या शहरात घेतलेलं प्रशिक्षण, ‘अनुदानाचे अहवाल कसे लिहावेत.’ त्यांनी चष्मा वर करून तारखा वाचल्या. त्याच महिन्याची सहा ते सोळा.

"मावशी, चहा सांगू?" खंड्याने विचारलं.

"बारा तारखेचा रकाना का भरलास?"

तो हसायला गेला आणि ते जमलं नाही.

"कोरा होता," तो म्हणाला. "मला वाटलं झोळीताईंनी दांडी मारली. प्रशिक्षणात शिकवलं होतं, कोरा रकाना दिसला की देणगीदाराला शंका येते."

"दांडी नव्हती. काटा माझ्याकडे होता."

"मला कुणी सांगितलं नाही."

"विचारलंस कुणाला? तीन वर्षांत एकदा तरी गेला होतास केंद्रावर?"

"काल गेलो होतो," तो म्हणाला.

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. शनिवारी त्याने रजिस्टर घरी नेलं. खरी बेरीज काढली तर एकेचाळिसात तेराच मुलं बरी झालेली. तेरा म्हणजे अनुदान बंद, पाकिटं बंद, पुढच्या महिन्यापासून एकेचाळीस पोरं उपाशी. दोन रात्री जागून आकडे लिहिले, शेरे तेव्हा वाचलेही नाहीत आणि लिहायलाही सुचलं नाही. सोमवारी दुपारी ठेवून देणार होता, तोवर काकांनी बोंब मारली. मग मंगळवारी केंद्रावर सरांची पाठ वळताच त्याने ते पेटीत सतरंज्यांखाली सरकवलं.

"एक पैसा खाल्ला नाही मी, मावशी. मुलांसाठीच केलं."

"पैसे खाल्ले असतेस तर बरं झालं असतं रे, तुला सरळ शिव्या घातल्या असत्या. आणि झोळीताई? तिच्या तीन मुलींसाठी काय केलंस?"

"सर तिला काढतील असं वाटलं नव्हतं."

"काल पत्र टाईप झालं. टाईप कुणी केलं?"

पत्र त्यानेच टाईप केलं होतं.

"खरी पानं फाडलीस?"

"फाडायला घेतली होती," तो म्हणाला. त्याने खालचा ड्रॉवर ओढला आणि चोवीस पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "मग शेरे वाचले."

काटेबाईंनी गठ्ठ्याला हात लावला नाही. "हे माझ्याकडे देऊ नकोस. उद्या अकरा वाजता कुणाला द्यायचे ते तू ठरव. मी सही करणार नाही एवढं नक्की, आणि का करत नाही हे त्या बाईंनी विचारलं तर मी सांगणार."

"आईला काय सांगशील?"

"तुझ्या आईला तू सांग," त्या म्हणाल्या. जिना उतरताना त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी आवरलं नाही.

५

गुरुवारी अकराला पाच मिनिटं होती. केंद्रात देणगीदारांच्या बाई खुर्चीवर, सर शेजारी, झोळीताई पेटीला टेकून उभ्या. कुलूपकाका दाराशी. खंड्याची जागा रिकामी. सरांनी तीनदा घड्याळ बघितलं आणि तेच रजिस्टर पुढे केलं. देणगीदारांच्या बाईंनी दोरी सोडायला हात घातला.

काटेबाई उठणार एवढ्यात दारातून खंड्या आत आला. रात्रभर झोपला नसावा. त्याने रजिस्टर बाईंच्या हातातून काढून घेतलं आणि तिथे गठ्ठा ठेवला.

"खरी पानं ही आहेत. या रजिस्टरातली मी लिहिलेली आहेत, खोटी. झोळीताईंचा यात काही दोष नाही. त्यांनी शुक्रवारी रजिस्टर जमा केलं होतं."

सरांचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा पडला. देणगीदारांच्या बाईंनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. आधी आकडे, मग उजवीकडचा रकाना. काटेबाई त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनीही ती पानं पहिल्यांदाच बघितली होती.

‘वजन तेवढंच. पाकीट घरी तिघांत वाटतात.’ ‘शंभर ग्रॅम कमी. आई म्हणते, धाकटी रडते, मग तिलाही देते.’ ‘पाकीट इथेच खा म्हटलं तर अर्धं तोंडात आणि अर्धं खिशात.’ ‘पुन्हा खिशात. विचारलं तर म्हणतो, बहीण वाट बघतेय.’ ओळीमागून ओळी, सहा महिने. बारा तारखेला आकडे नव्हते, पण शेरा होता. ‘आज काटा नाही. पोरं बसवून ठेवली, समोर खायला लावलं.’

"रोजचं एक पाकीट एका मुलाला पुरावं असा आमचा हिशोब होता," देणगीदारांच्या बाई हळू म्हणाल्या.

"एका मुलाला पुरतं की," झोळीताई म्हणाल्या. "पण घरात एकच मूल कुठे असतं, बाई?"

अनुदानाचं त्या दिवशी काही ठरलं नाही. देणगीदारांच्या बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. हप्ता महिनाभर थांबेल, खोट्या पानांची चौकशी होईल, शिल्लक पाकिटं तोवर चालतील, आणि हे शेरे त्या स्वतः वर घेऊन जातील, यापलीकडे त्यांनी शब्द दिला नाही. सरांनी नोकरीवरून काढायचं पत्र डाव्या हातानेच फाडलं, तेही नीट फाटलं नाही, मग कुलूपकाकांनी मदत केली. खंड्याने राजीनामा पेटीवर ठेवला. काटेबाईंच्या बहिणीने त्यानंतर त्यांना कितीतरी दिवस फोन केला नाही, आणि काटेबाई रोज संध्याकाळी फोनकडे बघत बसत.

पण ते नंतरचं. त्या दिवशी देणगीदारांच्या बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हा खिशात घेऊन जाणारा. त्याची बहीण किती वजनाची आहे?"

"तिचं नाव यादीत नाही," झोळीताई म्हणाल्या. "म्हणून काट्यावर घेता येत नाही मला. पण दर मंगळवारी उचलून बघते. वाढत नाहीये."

"आहे कुठे ती?"

ती दाराबाहेरच होती, भावाचा सदरा धरून, दोन वर्षांची. त्याच्या खिशाला पेस्टचा डाग पडलेला. खंड्या दाराशी उभा होता, त्यानेच तिला उचलून आत आणलं आणि मग त्याला कळेना की झोळीत कसं बसवायचं. काटेबाईंनी त्याच्या हातांना हात लावून दाखवलं. आधी पाय, मग पाठ, मग हात सोड.

पोरीने दोन लाथा झाडल्या. काटा नाचला आणि सावकाश एका रेघेवर येऊन थांबला.

"किती?" झोळीताईंनी पेन उघडून विचारलं.

खंड्याने मान वर करून रेघा मोजल्या आणि पुन्हा एकदा मोजल्या. काटेबाई थांबल्या. शेवटी तोच म्हणाला, "सहा पूर्णांक दोन."

झोळीताईंनी बेचाळिसावी ओळ आखली, वजन लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लागल्या.